टेपची चार सोंगं

माझ्या आईचा आवाज फाटका आहे, ही बातमी मला मुंबईहून कळली. जन्मभर त्याच आवाजाच्या हाकेवर मी जेवायला घरी पळत आले, त्याच आवाजात शिव्या खाल्ल्या, पण मला आपला पत्ताच नव्हता.

बातमी देणारा माझा चुलत भाऊ. आमच्या वाडीतली जी माणसं मुंबईला नोकरीला आहेत त्यांचं एक मंडळ आहे आणि हा त्याचा सेक्रेटरी. गेल्या श्रावणात त्याच्या डोक्यात आलं की वाडीतल्या बायका गौरीपुढे फेर धरून जी गाणी म्हणतात ती रेकॉर्ड करून गणपतीच्या आधी यूट्यूबवर टाकायची. कल्पना चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. रेकॉर्डिंग मी करायचं आणि गायचं आईने, कारण आमच्याकडे गौरीचं गाणं कितीतरी वर्षं तीच धरते. धरते म्हणजे पुढे उभी राहून पहिली ओळ टाकते, मग बाकीच्या उचलतात.

मी एक गाणं करून पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा व्हॉइस मेसेज आला. मी दुकानात होते, हातात एका आजोबांचं रेशनकार्ड. सवयीने मोबाइल टेबलावर ठेवला आणि मेसेज स्पीकरवर लावला.

"अगं, चाल एकदम मस्त आहे. पण काकीचा आवाज फाटलाय गं. लोक ऐकणार नाहीत. इथे एक मुलगी आहे, क्लासिकल शिकलेली, ती गाईल. तू काकीकडून फक्त शब्द आणि चाल नीट घेऊन पाठव."

आई दाराशी उभी होती. मासळीच्या संध्याकाळच्या लिलावाला जाताना ती रोज माझ्यातला अर्धा चहा पिऊन जाते. तिने मेसेज शेवटपर्यंत ऐकला, रिकामी पाटी डोक्यावर चढवली आणि "जातंय गो" म्हणून बंदराकडे उतरली. चहा तसाच राहिला.

मला राग आला तो आधी भावाचा. स्वतःचा यायला आठ दिवस लागले.

माझं दुकान हर्णेच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढच्या खोलीत झेरॉक्स, आधारकार्डाची कामं, रेल्वेची तिकिटं. मागच्या खोलीत माझा जीव. तिथे एक लॅपटॉप, एक बऱ्यापैकी माइक, हेडफोन आणि गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंती. भोकाभोकाचा चिरा आवाज चांगला खातो, उरलेला आवाज खायला मी तिन्ही बाजूंना जुन्या वाकळी टांगल्या आहेत. जाखडी नाचवाले आपली गाणी घ्यायला येतात, शाळांच्या गॅदरिंगची गाणी होतात. बाई असून हे काय करतेस, असं विचारणारे पूर्वी पुष्कळ होते. आता त्यांची मुलं माझ्याकडे रेकॉर्डिंगला येतात, म्हणून ते गप्प आहेत.

आता आईच्या आवाजाबद्दल. तो फाटलाय हे खरंच आहे. मी आंधळी असेन, बहिरी नाही. पण तो कसा फाटला ते कुणी विचारत नाही. हर्णेला बोटी बाहेर पाण्यात उभ्या राहतात, मासळी किनाऱ्यावर येते आणि तिथेच वाळूत लिलाव होतो. लाटा, इंजिनं, बैलगाड्या हाकणाऱ्यांचा ओरडा आणि भोवती शंभर बायका. त्या गलक्यात जिची बोली ऐकू जात नाही, तिची पाटी रिकामी परत येते. बाबा गेल्यावर आईने पाटी उचलली तेव्हा तिचा आवाज म्हणे खूप गोड होता. त्या गोड आवाजाने पहिले चार दिवस तिला काहीच मिळालं नाही. पाचव्या दिवशी ती ओरडली. त्या ओरडण्यावर आम्ही तीन भावंडं शिकलो.

आणि त्याला हा दादर स्टेशनवरचा शहाणा म्हणतो, फाटलाय!

त्याला दाखवूनच द्यायचं, असं मी ठरवलं. पण कबूल करते, दाखवून देण्याचा माझा पहिला मार्ग म्हणजे आईच्या आवाजाला ठिगळ लावणं हाच होता. मी टेपचे प्लगइन शोधायला बसले.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी गाणी चुंबकी फितीवर घेत. फितीला झेपेल त्याहून जास्त आवाज दिला तर ती एकदम तोंड फिरवत नाही. आवाज थोडा दाबून घेते, त्याच्या कडा गोल करते, त्याला जरा जाड करते. त्याला सॅच्युरेशन म्हणतात. कॉम्प्युटर तसं काही करत नाही. त्याला झेपलं नाही की आवाज सरळ तुटतो, कडकड वाजतो. म्हणून लोकांनी फितीची नक्कल करणारी सॉफ्टवेअरं काढली. त्यांना प्लगइन म्हणायचं. गाण्यावर चढवायची आणि बटणं फिरवायची.

त्यातली गंमत मला तेव्हाच दिसायला हवी होती. सगळं जग आधी काचेसारखा स्वच्छ आवाज रेकॉर्ड करतं, मग त्यात जीव नाही म्हणून रडतं आणि मग तो जरासा फाडायला पैसे मोजतं. माझ्या आईने वाळूत उभं राहून तेच काम फुकटात केलं होतं. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी चार प्लगइन उतरवून घेतले.

पहिल्याच्या पडद्यावर दोन मोठी रिळं खरीखुरी फिरताना दिसायची. त्याला मी रीळवाला म्हणायची. तो चौदा दिवस फुकट होता, मग विकत. दुसऱ्याला एकच गोल बटण, फिरवू तितका आवाज जाड. तिसरा जुन्या कॅसेटची नक्कल करायचा, त्यात फीत थोडी हलल्यासारखा सूर डोलायचा आणि मागे सुस्स असा आवाज यायचा. चौथा कुणा कॉलेजच्या पोराने बनवून नेटवर फुकट टाकलेला, दिसायला सरकारी फॉर्मसारखा.

नेटवर त्यांच्याबद्दल पानंच्या पानं लिहिलेली आहेत. सगळे एकच शब्द म्हणतात, वॉर्म. अमुक जास्त वॉर्म, तमुक कमी वॉर्म. थंड देशात बसून त्यांना ऊब हवीशी वाटत असेल. इथे आमच्या अंगाला सदरा चिकटलेला असतो, आम्हाला कुणी आणखी ऊब विकायला आलं तर आम्ही त्याला पंख्याखालून उठवू. तरी मी तीन दिवस झेरॉक्सवाल्यांना उद्या या म्हणत चौघांची परीक्षा घेतली. दोन दिवस तर फसलेच. ज्याचा आवाज जरा मोठा येतो तोच कानाला चांगला वाटतो. बाजारात शिळ्या बांगड्यावर पाणी मारून चकाकी आणतात, तसलाच प्रकार. मग चौघांचा आवाज अगदी सारख्या पातळीवर आणला आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

रीळवाला सर्वांत देखणा. आईच्या वरच्या सुरातली करकर त्याने अशी गिळली की मला वाटलं, झालं काम. एक-बटणवाल्याने आवाज फुगवला. कॅसेटवाल्याने शब्द मऊ केले, पण सूर बोटीत बसल्यासारखा डुलायला लागला. फुकटवाला कमी बोलायचा. थोडं काही करायचा आणि बाजूला व्हायचा.

मी रीळवाला विकत घ्यायच्या बेतात होते, तेवढ्यात शेजारची मावशी टोनरचा वास नाकावर पदराने अडवत दुकानात आली.

"तुज्या आयशीला काय झालंय गो?" ती म्हणाली. "तालमीला मागं उभी ऱ्हाते. आज तर बोललीच, या वर्साला गानं दुसरीनं धरा. आमी धरलं, तर धड तीन ओळी नाय झाल्या."

गौरीच्या आधी दुपारच्या वेळी, लिलावाच्या अगोदर, या मावशीच्या पडवीत बायका तालीम करतात. आई मागे उभी राहते, हे ऐकून मी पैसे भरायचं पान बंद केलं. माझ्या आईने आयुष्यात कुठे मागे उभं राहायचं ठरवलं असतं तर आम्ही उपाशी मेलो असतो. भावाच्या चॅनलवर काय जातंय याचं मला एकदम काही वाटेनासं झालं. आई गायची थांबली तर माझ्या त्या खोलीला आणि वाकळींना आग लागो.

दुसऱ्या दिवशी मी तिला लिलावाआधी धरून आणलं. खुर्चीत बसवलं, डोक्यावर हेडफोन घातला.

"आये, तुझंच गाणं आहे. पाच वेळा वाजवते. कुठलं चांगलं ते सांग. खोटं बोलायचं नाही."

"मासळी घेताना मी खोटं बोलत नाय," ती म्हणाली.

कुठला आवाज कोणाचा ते तिला सांगितलं नव्हतं. पहिला रीळवाला लावला. तिने डोळे बारीक केले.

"बर्फातला," ती म्हणाली. "दिसायला छान. चवीला काय नाय."

माझा चेहरा पडला. एक-बटणवाला ऐकून म्हणाली, "ह्याला पानी पाजलंय." कॅसेटवाल्याला तर ती हसलीच. "सुकवायला घातला आनि वरनं पाऊस आला." फुकटवाला तिने पुन्हा लावायला सांगितला. "ह्यो बरा. कुनाचा तरी ताजा हाय, पन माज्या पाटीतला नाय."

पाचव्या वेळी मी काहीच चढवलं नव्हतं. तिचा आवाज जसा माइकने घेतला तसाच. मला मनातून वाटत होतं की हा ऐकून ती म्हणेल, हाच माझा. तिने हेडफोन काढला.

"ही बाई भ्यालेली हाय गो," ती म्हणाली. "आनि हिच्या समोरच्या बाया कुठं गेल्या?"

"कुठल्या बाया?"

"मी ओळ टाकली की थांबलेली ना? समोरच्यांनी ओळ परत द्यायची म्हनून. ती जागा कुठं गेली? ही तर श्वास न घेता पळतेय, कुत्रा मागं लागल्यागत."

ती जागा मी कापली होती. गाणं घेतलं तेव्हा आई प्रत्येक ओळीनंतर तेवढाच वेळ गप्प बसायची. मला वाटलं, शब्द आठवतेय. मोकळी जागा कंटाळवाणी होते म्हणून मी एकूण एक कापून ओळीला ओळ चिकटवली. लहानपणापासून गौरीचे फेर बघितलेली मी! दोन ओळींत बायका समोरासमोर उभ्या राहतात, एक ओळ विचारते, दुसरी उत्तर देते. उत्तराची जागा मी कचरा म्हणून फेकली होती. वर तिला बंद खोलीत खुर्चीत बसवून, माइक तोंडाशी देऊन, "आये, हळू, इथे ओरडायचं नाही," असं चारदा बजावलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मला घेता आलं नाही आणि आवाज फाटका ठरला. माझा मला इतका संताप आला की मी माऊस आपटला.

"त्या यंत्राला कशाला मारतेस?" आई म्हणाली आणि हेडफोन नीट टेबलावर ठेवून निघाली. दारात थांबून म्हणाली, "घ्यायचंच आसंल तर पडवीत ये. माज्याकडनं येकटीचं नाय व्हनार."

तिने पडवीत ये म्हटलं, म्हणजे ती गाणार होती. मी लॅपटॉप पिशवीत भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीच्या पडवीत सात बायका जमल्या. पाऊस उघडला होता, पागोळ्या गळत होत्या. माइक मी जाळ्याच्या दोरीने वाशाला टांगला. आधी नेहमीच्या अंतरावर टांगला होता. आईने कंबरेला पदर खोचून पहिली ओळ टाकली आणि पडद्यावरचा काटा लालच्याही पुढे गेला.

"आये, थांब!"

"आता काय? ओरडायचं नाय?"

"ओरड. मीच मागे जाते."

माइक दोन हात मागे, अगदी दाराच्या कोपऱ्यात नेला. इतकंच करायचं होतं. आवाज मोठा असेल तर आपण लांब उभं राहावं, हे किनाऱ्यावरच्या कुत्र्यांनाही कळतं.

तेवढ्यात मावशीने माणसं मोजली. चार इकडे, तीन तिकडे. आईने माझ्याकडे बोट केलं.

"तू तिकडं उभी ऱ्हा."

"आणि मशीन कोण बघणार?"

"मशीन काय पळून जातंय?"

मी समोरच्या ओळीत उभी राहिले. शाळा सुटल्यापासून मी कधी फेरात गेले नव्हते. नेहमी कोपऱ्यात, रेकॉर्डिंग करणारी, हेडफोनवाली. आईने ओळ टाकली, "गवर आली गो, कंच्या वाटंनं?" आणि आम्ही उत्तर दिलं, "तेरडा फुलला गो, त्याच वाटंनं." ती पुढे येत होती, आम्ही मागे सरत होतो, मग आम्ही पुढे, ती मागे. तिसऱ्या वेळी मावशी दमली, बाजूच्या दोघी हसल्या आणि उत्तर द्यायला मी एकटीच उरले. आई डोळ्यांत बघत होती. मी सूर वर टाकला आणि तो मधोमध फाटला. कोंबडं आरवल्यासारखा. सगळ्या खो खो हसल्या, आईने मात्र पुढची ओळ लगेच टाकली, तालही सोडला नाही.

संध्याकाळी आई लिलावाला गेली आणि मी मागच्या खोलीत ते ऐकायला बसले. कसं सांगू, मला रडू आलं. पागोळ्या, बांगड्या, मातीवर पडणारे पाय आणि त्या सगळ्यावरून जाणारा आईचा आवाज, भर गर्दीतून येतो तसा. मी चारही प्लगइन पुन्हा लावून बघितले. रीळवाल्याने बायकांना काचेच्या कपाटात नेऊन ठेवलं. एक-बटणवाल्याने पागोळ्यांचा धबधबा केला. कॅसेटवाल्यासमोर मी हात जोडले. फुकटवाला तेवढा किंचित ठेवावा की काय असं वाटलं, कारण त्याने आठ आवाज एकमेकींच्या जरा जवळ आणले.

मग माझी ओळ आली. कोंबडं आरवलं.

आणि माझा हात आपसूक रीळवाल्याकडे गेला. फक्त त्या चार सेकंदांपुरता. त्याने ते फाटणं असं गोल केलं की कुणाला कळलंही नसतं. मी ते तीनदा ऐकलं. छान वाटत होतं. सेव्हच्या बटणावर बोट ठेवलं आणि तेव्हा मला दिसलं की मी काय करतेय. जे माझ्या भावाने केलं म्हणून मी आठ दिवस त्याला शिव्या घालत होते, तेच मी माझ्यासाठी करायला बसले होते. आईचा फाटला तर तो तिचा मान, आणि माझा फाटला तर ती चूक? तिने ज्या आवाजावर मला हा लॅपटॉप घेण्याइतकं मोठं केलं, त्याचा वारसा नको आणि लॅपटॉप तेवढा हवा?

मी रीळवाला काढला. फुकटवालाही काढला. त्या पोराशी माझं काही वैर नाही, पण त्या रात्री मला कुणाचीच मध्यस्थी नको होती. गाणं जसं होतं तसं भावाला पाठवलं आणि खाली लिहिलं, "दादा, आमच्याकडे गौर अशीच गातात. घ्यायचं तर असं घे. चाल आणि शब्द सुटे मिळणार नाहीत."

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी, चहाच्या वेळेला, व्हॉइस मेसेज आला. आई दाराशीच होती. मी मुद्दाम स्पीकरवर लावला.

"अगं, मंडळाने त्या मुलीचंच फायनल केलंय, तुझं तू टाक कुठे टाकायचं तिथे. पण एक सांग, काकीच्या समोर ती दुसरी कोण आहे? तिचा आवाज तर काकीपेक्षा फाटलाय."

मी आईकडे बघितलं. ती माझ्या ग्लासातला चहा बशीत ओतत होती.

"सांग त्याला," ती म्हणाली, "माजी लेक हाय ती."

अर्धा चहा तिने पिऊन टाकला, पाटी उचलली आणि बंदराकडे उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तालमीला ती पुढे उभी राहिली. मी दारातल्या कोपऱ्यात माइक टांगत होते, तर तिने मला दंडाला धरून समोरच्या ओळीत ओढलं, अगदी पुढे, आपल्या समोर.